मामांचं एक इंची भिंग

"हे कुणी चिकटवलं?"

मामांनी माझा फोन उलटा करून उजेडाकडे धरला होता. कॅमेऱ्याच्या काचेवर काळ्या चिकटपट्टीनं त्यांचं एक इंची भिंग बसवलेलं. साताऱ्यातल्या त्यांच्या दुकानात हे भिंग चाळीस वर्षं त्यांच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीत असायचं. दुकान बंद केलं तेव्हा घरी आणलेल्या मोजक्या वस्तूंमध्ये ते होतं.

"मी चिकटवलं. विचारायला हवं होतं, मामा."

"विचारलं असतंस तर दिलंच असतं. पण भिंग डोळ्याला लावायचं असतं, पोरी. फोनला नव्हे."

गणपतीच्या आधीचे दिवस होते. गॅलरीत सुरू झालेलं हे बोलणं पुढे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यानं चाललं. मी अगदी जवळून फोटो काढायला नुकती शिकत होते. मामा जन्मभर घड्याळजी. बारीक वस्तूकडे जवळून बघायची ओढ दोघांनाही, पण बघायचं कशासाठी यावर आमचं एकमत झालं नाही. झालेलं बोलणं आठवेल तसं लिहिते आहे.

"डोळ्याला लावलं की फक्त मला दिसतं," मी म्हटलं.

"मग? बघणारं माणूस एकटंच असतं."

मी तुळशीच्या कुंडीशी उकिडवी बसले आणि फोन मंजिरीजवळ नेला. पडद्यावर आधी नुसता जांभळट धुरळा. फोन केसभर पुढे, केसभर मागे करता करता एक फूल एकदम लख्ख झालं. खालचा ओठ पुढे काढल्यासारखी पाकळी, तिच्यावरून बाहेर डोकावणारे पुंकेसर, देठावरची पांढरी लव. रोज पाणी घालताना ही फुलं माझ्या हातावर पडतात. त्यांना ओठ आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं.

"एक इंच," मामा बाजूनं म्हणाले. "भिंगाचं नावच ते. वस्तू इंचावर आली की दिसते, सव्वा इंचावर गेली की गेली. तीन इंचीतून मशीन खोलायचं, एक इंचीतून बारीक तपासायचं. हे भिंगच शिकवतं. मधे फोन कशाला?"

"फोनला एकट्याला हे जमत नाही, मामा. दहा सेंटिमीटरच्या आत नेला की तो आंधळा होतो. बाजारात फोनला अडकवायची क्लिपची भिंगं मिळतात, ती याच जातीची. मी म्हटलं, घरातच आहे तर विकत कशाला?"

"कडेला रंग फुटत असतील."

"फुटतात. निळ्या-जांभळ्या रेघा. आणि भोवती काळं कडं येतं."

"भिंगाच्या कडेनं बघायचंच नसतं. मधोमध बघायचं."

"म्हणून मी फोनमध्ये दुप्पट मोठं करून घेते. कडं चौकटीबाहेर जातं, मधला स्वच्छ भाग उरतो."

मामांनी मान हलवली. ती पटल्याची होती की नुसती ऐकल्याची, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब मांडला. "काल किती फोटो काढलेस?"

"एकशे चाळीस."

"आणि बघितलेस किती?"

हा प्रश्न मला लागला, कारण तो बरोबर होता. नवशिक्यांची ही पहिली सवय, बटण दाबत राहायचं, त्यातला एखादा निघेलच. पण माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते आजही मला खरं वाटतं.

"सगळे बघितले, मामा. रात्री बसून. एकशे चौतीस पुसले. पुसताना प्रत्येकाशी थांबावं लागतं, हा का बिघडला म्हणून. हा हात हलल्यामुळे, हा वाऱ्यानं, हा मी श्वास सोडला म्हणून. हा उगाच बिघडलेला दिसतो, प्रत्यक्षात मागचं पान स्पष्ट आहे आणि पुढचं फूल नाही. हे मला कुणी सांगून समजलं नसतं."

"मी शिकताना उस्तादांनी तीन महिने मशीनला हात लावू दिला नाही. नुसतं बघ म्हणाले. तू तीन महिने फोन न उचलता बघितलंस तर काय होईल?"

"कंटाळून सोडून देईन."

"मग तेवढीच ती हौस."

"नाही मामा, असं नका म्हणू. तुमच्या तीन महिन्यांच्या शेवटी रोजगार होता. मला नोकरी सांभाळून सकाळचा अर्धा तास मिळतो. हौसेनं शिकणाऱ्याला रोज थोडं काहीतरी हाताला लागावं लागतं. नाहीतर तो उद्या बसणारच नाही."

यावर ते गप्प राहिले. मलाही माझं म्हणणं पुरतं वाटलं नाही.

मावसभावानं त्याचा जुना कॅमेरा मला दिला होता. सोबत ५० मिलिमीटरची साधी लेन्स आणि तीन नळ्यांचा संच, १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या. मामांनी नळी हातात घेतली आणि आरपार बोट घातलं.

"आत काचच नाही."

"नसतेच. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवायची. लेन्स जितकी पुढे सरकते तितकं जवळचं स्पष्ट दिसतं आणि मोठं उमटतं. पन्नासच्या लेन्सला पन्नासचं अंतर मिळालं की वस्तू आतल्या पडद्यावर जशीच्या तशी, आकाराला आकार. मुंगी पाच मिलिमीटरची असेल तर पडद्यावरही पाच मिलिमीटरची."

"आणि बदल्यात काय जातं?"

घड्याळजीचा प्रश्न. कुठलीही गती कुठून तरी वजा होऊनच येते हे ज्याला ठाऊक आहे, तोच असं विचारतो.

"दोन गोष्टी जातात. एक, उजेड. आकाराला आकार गाठला की पडद्यावर चौथाईच उजेड पोचतो. दुसरी, खोली. लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी बारीक केलं तरी पुढून मागे फार तर एक मिलिमीटर स्पष्ट राहतं, त्याच्या अलीकडचं-पलीकडचं विरघळतं. मुंगीचा डोळा स्पष्ट केला की तिच्या मिशीचं टोक गेलं."

"छिद्र आणखी बारीक कर."

"केलं तर खोली थोडी वाढते. पण फार बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो आणि सगळंच मऊ पडतं. म्हणजे कुठला एक मिलिमीटर हवा ते आधी ठरवायचं. मग फोकसच्या कड्याला हात लावायचा नाही. अंगच पुढे-मागे झुलवायचं आणि तो मिलिमीटर समोरून जाताना बटण दाबायचं. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर कॅमेरा त्याच्या पंखाला समांतर धरायचा, म्हणजे सगळा पंख त्या एका मिलिमीटरमध्ये मावतो."

मामांचा चेहरा जरा उजळला. "हे भिंगाचंच आहे. पण भिंगात मी डोकं हलवतो. पुढे बघतो, मागे बघतो, आणि डोक्यात सगळं मशीन उभं राहतं. तुझ्या फोटोत एक पापुद्राच उरतो."

"बरेच पापुद्रे काढून संगणकावर एकत्र जोडता येतात. पुढून मागे सरकत वीस-तीस फोटो घ्यायचे, प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलायचा."

"मग ते बघितलेलं नाही. जुळवलेलं आहे."

"तुमच्या डोक्यातलं मशीनही जुळवलेलंच ना?"

"हो. पण ते मी जुळवलं."

इथे मी हरले असं मला वाटतं. थर जोडण्याचं तंत्र उत्तम आहे, एक दिवस मी ते शिकणार आहे. पण शिकायला लागल्याच्या पहिल्या वर्षात ते मधे आणू नये. एक मिलिमीटर निवडायची जबाबदारी त्यातून टळते, आणि सगळी शाळा तर तिथेच आहे.

सामानाच्या बाबतीत मात्र आमच्या जागा उलट्या झाल्या. मला वाटत होतं मामा म्हणतील, खर्च करू नकोस. ते म्हणाले, "चांगली लेन्स घे."

"आत्ता? मला नळ्या पुरेत, मामा. आधी हात तयार होऊ दे."

"पहिलं वर्षभर मी स्वस्तातला चिमटा वापरला. टोकं जुळायची नाहीत. केसासारखी स्प्रिंग त्यात वाकायची आणि मला वाटायचं आपला हात वाईट. मग हप्त्यानं स्विस चिमटा घेतला. हात वाईट नव्हता. ते वर्ष मी स्वतःला दोष देण्यात घालवलं."

"पण टोकं जुळणं म्हणजे काय, हे त्या स्वस्त चिमट्यानंच दाखवलं ना?"

"त्याला महिना पुरतो."

मी अजून नवी लेन्स घेतलेली नाही. जवळून फोटो काढण्यासाठीच घडवलेली ९० किंवा १०० मिलिमीटरची लेन्स घ्यायची ती फोटो अधिक रेखीव येईल म्हणून नव्हे. ती लांबून काम करू देते म्हणून घ्यायची. माझ्या नळ्यांनी लेन्सचं तोंड किड्याच्या इतकं जवळ जातं की माझीच सावली त्याच्यावर पडते आणि तो उडतो. सावलीवर तोडगा मामांनीच काढला. दुकानातल्या दिव्याला ते बटर पेपर गुंडाळायचे. चकचकीत पितळेवर उघडा उजेड पडला की डोळा दिपतो आणि ओरखडा दिसत नाही. तोच कागद आम्ही फ्लॅशपुढे वाकवून लावला, खालून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला. मुंगीची काळी पाठ आधी नुसत्या पांढऱ्या ठिपक्यासारखी यायची. आता तिच्यावरचे केस दिसायला लागले. माझ्या मते नवशिक्यानं पहिले पैसे आणि पहिला महिना उजेड मऊ करण्यातच घालवावा.

एका संध्याकाळी मामांनी ल्युवेन्हॉकचा विषय काढला. "कापडाचा व्यापारी. डेल्फ्ट गावचा. धागे बघायला भिंगं वापरायचा, मग स्वतः घासायला लागला. पाण्याच्या थेंबात जीव आहेत हे पहिल्यांदा दिसलं ते त्याला. कॅमेऱ्याशिवाय."

"पण त्यानं चित्रकार ठेवला होता, मामा. स्वतःला नीट काढता येत नाही म्हणून. आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहीत बसला. त्या थेंबातल्या जिवांवर तिथे लोकांचा विश्वास बसेना. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकनं स्वतः तो प्रयोग करून दाखवला तेव्हा मानलं. दाखवावं लागतं."

"दुसऱ्यासाठी."

"स्वतःसाठीही. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली म्हणून शेतकरी होता. १५ जानेवारी १८८५ ला, एकोणीस वर्षांचा असताना, त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमाच्या एका स्फटिकाचा फोटो घेतला. त्याआधी तो चित्रं काढायचा, पण काढून होईपर्यंत स्फटिक वितळायचा. पुढे आयुष्यभरात ५,००० हून जास्त फोटो काढले."

मामा थोडा वेळ विचारात होते. "त्यात मोडके किती?"

"फार कमी असावेत. सुबक सापडेल तोच तो निवडायचा."

"म्हणजे पडणारं हिम बहुतेक मोडकंच, आणि लोकांना वाटतं सगळं सहा पाकळ्यांचं. तेच तू करतेस. किडकं पान, फाटका पंख पुसून टाकतेस. तुझ्या त्या सहा फोटोंत एकही वाईट पान नव्हतं."

"आणि तुम्ही भिंगातून नेहमी बिघाडच शोधलात. बिघाड नसेल तर तुम्ही बघता का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगलं चालणारं घड्याळ मी कधी उघडलं नाही. हे खरं आहे."

कढीपत्त्याची गोष्ट सांगायला मला जड जातं, पण ती टाळून हा लेख खरा होणार नाही.

लिंबू फुलपाखराची मादी आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर फेऱ्या घालत होती. ती गेल्यावर कोवळ्या पानांवर तीन अंडी दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी, फिकट पिवळी, मोत्यासारखी गोल. गॅलरीत वारा होता, एकही फोटो स्थिर येईना. मी त्यातलं एक पान खुडलं, आत टेबलावर आणलं, कागद लावलेल्या दिव्याखाली ठेवलं. फोटो फार सुंदर आला. मी तो मामांना दाखवला.

"पान कुठाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी बशी दाखवली.

"दोन-चार दिवसांत अळी निघेल. खाईल काय?"

मी ते पान दोऱ्यानं फांदीला बांधलं. दुसऱ्या दिवशी ते वाळून वळलं. अंडं काळपट पडलं, म्हणजे आत अळी तयार होती. तिसऱ्या सकाळी कवचाचा एक तुकडा तेवढा चिकटून होता. अळी मला कुठेच सापडली नाही.

"काही लोक तर किडे फ्रीजमध्ये ठेवतात," मी म्हटलं, "गारठून हलू नयेत म्हणून." हे मी माझा गुन्हा हलका करायला सांगितलं, आणि तोंडातून निघताच मला ते कळलं.

"घड्याळ बंद करून, ते चालतं कसं ते सांगायचं?" मामा पहिल्यांदाच रागावून बोलले. "कासच्या पठारावर माणसं सीतेच्या आसवांच्या फुलांचा फोटो काढायला आडवी पडतात, आणि त्यांच्या पोटाखाली शेकडो सीतेची आसवं असतात. दवबिंदूची रोपटी चिरडतात. मग घरी जाऊन म्हणतात, निसर्ग किती नाजूक."

"मी पान परत तोडणार नाही, मामा."

त्यानंतर शिकले ते असं. सकाळी साडेसहाला उठायचं, वारा पडलेला असतो, किडे गारव्यानं आपसूकच मंद असतात. कुंडीत काठी रोवायची, काठीला कपड्यांचा चिमटा बांधायचा आणि त्यात फांदी हलकेच धरायची, पान नव्हे. आणि तेवढ्यानंही जमलं नाही तर फोटो सोडून द्यायचा.

उरलेली दोन अंडी तशीच होती. एका सकाळी मी आत चहा टाकत होते, मामा तीन इंची भिंग डोळ्याला लावून कुंडीशी बसले होते. मी बाहेर आले तेव्हा ते हलतही नव्हते.

"झालं," ते हळूच म्हणाले. "निघाली."

"हाक का नाही मारलीत?"

"हाक मारली असती तर माझं बघायचं राहिलं असतं." मग त्यांनी सांगितलं. आधी कवचात काळा ठिपका फिरत होता, ते डोकं. मग कवच एका जागी पातळ झालं, तिथून ती कुरतडत बाहेर आली, अंगभर बारीक काटे, अजून ओले. थोडी पुढे गेली, थांबली, मागे वळली आणि आपलंच कवच खायला लागली. "घाई नाही," मामा म्हणाले. "कडेनं, एका रेषेत. करवतीसारखी."

"माझ्याकडे याचा फोटो हवा होता."

"मी सांगितलं ना."

"तुम्ही सांगितलंत ते तुमचं आहे. मला ते दिसलं नाही."

"फोटो असता तर दिसलं असतं?"

मला अजूनही वाटतं, दिसलं असतं. पण ती अळी मागे वळली हे मला मामांच्या तोंडूनच आठवतं, आणि मी पुढे काढलेल्या अळ्यांच्या कितीतरी फोटोंपैकी एकही मला इतका आठवत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना कुठे मिळतात ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या अंड्यापाशी आम्ही पाळी लावून बसलो. ते रात्रीत कधीतरी फुटलं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी मी बाबांचं घड्याळ मामांपुढे ठेवलं. एचएमटी जनता, सतरा ज्वेलचं, रोज चावी द्यायचं. बाबा गेल्यापासून मी ते वापरते. गेले काही महिने ते दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढे धावत होतं.

"दुरुस्तीला?" मामांनी विचारलं.

"नाही, फोटोला. मागचं झाकण तेवढं काढून द्या."

त्यांनी झाकण काढलं. आत बॅलन्सचं चाक डोलत होतं, सेकंदाला पाच ठोके, आणि त्याच्यावर ती केसासारखी स्प्रिंग फुलत-मिटत होती, श्वास घेतल्यासारखी. फोनवर चाक नुसता सोनेरी गोल डाग म्हणून उमटलं. कॅमेरा आणून फ्लॅश लावला असता तर ते गोठलं असतं, पण मला तो झगमगाट नको होता. चावी संपू दिली. घड्याळ थांबल्यावर कागद लावलेला दिवा तिरका ठेवला, कोपर टेबलावर टेकवलं, श्वास धरला आणि तेरा फोटो काढले. तेराव्यात स्प्रिंग आली. निळसर, एकात एक फिरत जाणारी, मध्ये माणकाचा लाल ठिपका. इतकं सुबक काही मी आजवर काढलेलं नव्हतं. मी फोन मामांकडे दिला.

त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. बोटांनी चित्र आणखी मोठं केलं. हे त्यांना कधी जमायला लागलं ते मी पाहिलं नव्हतं.

"हे बघ."

"काय?"

"इथे. बाहेरून तिसरा आणि चौथा फेरा. अंतर नाही त्यांच्यात."

मी बघितलं. सगळे फेरे सारख्या अंतरानं जात होते, आणि एका बाजूला दोन रेघांची एक झाली होती. मी तेरा फोटो काढले, त्यातला हा निवडला, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला ती तिथे थोडी जाड झालेली निळी रेघ आवडली होती.

"चिकटलेत. स्प्रिंगवर तेल उडालंय. स्प्रिंग तेवढी आखूड पडते, म्हणून पुढे पळतंय." ते उठले, कपाटातून चिमटा आणि काचेची वाटी काढली. "पेट्रोल आण थोडं, गाडीचं चालेल. आणि फोन ठेव बाजूला, दिवा इकडे धर."

"फोटोत दिसलं, मामा."

"दिसलं. आता भिंग दे."

भिंग फोनलाच होतं. पंधरा दिवसांत चिकटपट्टी घट्ट बसली होती, नखानं एक टोक सुटेना. मामा हात पुढे करून थांबले होते. मी दिवा टेबलावर ठेवला आणि पट्टी सोलायला लागले.